छद्मपाद : पेशी तात्पुरते पाय काढते कशी, आणि त्याच पायांनी खाते कशी?

निरीक्षक

शाळेत अमीबाचे चित्र आपण सर्वांनीच काढलेले आहे. वेडीवाकडी बाह्यरेषा, आत केंद्रक, बाजूला संकोची रिक्तिका आणि बोटांसारखे बाहेर आलेले तीनचार छद्मपाद. चित्र स्थिर असल्यामुळे छद्मपाद हा पेशीचा कायमचा अवयव असावा, असा समज नकळत होऊन बसतो. जिवंत अमीबा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की तो समज टिकत नाही. समोर दिसणारा छद्मपाद थोड्याच वेळात अंगात मुरून जातो आणि जिथे साधी कड होती तिथून दुसरा निघू लागतो. निघताना त्याच्या टोकाशी आधी स्वच्छ, पारदर्शक, कणविरहित भाग दिसतो. क्षणभर तो तसाच राहतो आणि मग मागून दाणेदार पेशीद्रव्याचा लोंढा त्यात शिरतो.

याच छद्मपादांनी अमीबा सरकतो आणि याच छद्मपादांनी भक्ष्याला वेढून गिळतो. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीही तेच करतात. पुस्तकांत ही दोन्ही कामे एका वाक्यात सांगून टाकलेली असतात, आणि मला नेमके तिथेच अडायला होते. पेशीला स्नायू नाहीत, हाडे नाहीत. मग छद्मपाद बाहेर ढकलणारे बल येते कुठून? बाहेर काढलेला छद्मपाद परत घेतला जातो तो कशाच्या जोरावर? आणि चालणे व खाणे ही दोन्ही कामे एकाच यंत्रणेवर होत असतील, तर ती एकाच वेळी करणे पेशीला जमते का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

पेशीवेल्हाळ

पहिल्या प्रश्नावर अभ्यासकांमध्ये बरीच दशके वाद चालला होता, आणि तो वाद समजून घेतला की उत्तरही अधिक चांगले समजते.

अमीबाच्या पेशीद्रव्याचे दोन भाग डोळ्यांनाही वेगळे दिसतात. कडेलगतचे बाह्यद्रव्य घट्टसर असते, तर आतले अंतर्द्रव्य प्रवाही असते आणि त्यातले कण वाहताना स्पष्ट दिसतात. छद्मपाद वाढत असताना अंतर्द्रव्य मधल्या पोकळीतून पुढे वाहत जाते, टोकाशी पोहोचल्यावर कडांकडे वळते आणि तिथे घट्ट होऊन बाह्यद्रव्य बनते. पेशीच्या मागच्या टोकाला याच्या उलट घडते. तिथले घट्ट बाह्यद्रव्य सैल होऊन पुन्हा प्रवाहात सामील होते. एस. ओ. मास्ट यांनी १९२६ मध्ये या निरीक्षणांची नीट मांडणी केली आणि असे म्हटले, की मागच्या भागातले घट्ट द्रव्य आकुंचन पावते, त्यामुळे आतला दाब वाढतो आणि जिथे कडेचे घट्ट द्रव्य कमजोर असेल तिथून द्रव बाहेर फुगतो. म्हणजे बल मागे आणि परिणाम पुढे.

रॉबर्ट ॲलन यांना हे मान्य नव्हते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये कॅऑस या महाकाय अमीबाचे पटल, म्हणजे पेशीचे बाहेरचे पातळ आवरण, बारीक नळीत फोडले. मागून दाब पडल्यामुळेच द्रव वाहत असेल, तर पटल फुटल्यावर प्रवाह थांबायला हवा होता, पण उघडे पडलेले पेशीद्रव्य वाहतच राहिले. त्यावरून त्यांनी असा सिद्धान्त मांडला, की आकुंचन पुढच्या टोकाशीच होते. तिथे वळणारे आणि घट्ट होणारे द्रव्य आपल्या मागच्या द्रव्याला पुढे ओढून घेते. आज मोठ्या अमीबांच्या बाबतीत मागच्या आणि बाजूच्या बाह्यद्रव्याच्या आकुंचनाला अधिक महत्त्व दिले जाते, आणि हे आकुंचन ॲक्टिन व मायोसिन या प्रथिनांमुळे होते, म्हणजे स्नायूंत जी जोडी काम करते तीच इथेही आहे. तरीही ॲलन यांचा प्रयोग दुर्लक्षित करण्यासारखा नाही. संपूर्ण पेशी हाच आकुंचनाचा घटक मानता येत नाही, पेशीद्रव्याच्या लहानशा तुकड्यातही ती क्षमता असते, एवढे त्यातून निश्चित झाले.

शंकासूर

माहिती उत्तम आहे, परंतु माझी शंका अशी. दाबाने फुगणारा छद्मपाद गोलसर आणि जाड असायला हवा, आणि अमीबाचा तसा असतोही. मात्र प्रयोगशाळेत काचेवर वाढवलेल्या त्वचेच्या किंवा संयोजी ऊतीच्या पेशींची छायाचित्रे पाहिली, तर त्यांच्या पुढच्या कडेला अतिशय पातळ, पंख्यासारखा पसरलेला पडदा दिसतो. द्रवाच्या दाबाने फुगा होईल, पडदा कसा होईल? या दोन गोष्टींना एकच नाव देऊन आपण दोन वेगळ्या यंत्रणा एका खात्यात टाकत आहोत का?

तळटीप

शंका रास्त आहे. यंत्रणा खरोखरच दोन आहेत, आणि अनेक पेशी गरजेप्रमाणे दोन्ही वापरतात.

पातळ पडद्याच्या मागे दाब नसतो, तर ॲक्टिनच्या धाग्यांची वाढ असते. ॲक्टिन हे प्रथिन ब्रुनो स्ट्राउब यांनी १९४२ मध्ये हंगेरीतील सेगेड येथे स्नायूंतून वेगळे केले, म्हणून सुरुवातीला ते स्नायूंचेच मानले गेले. पुढे ते जवळजवळ प्रत्येक केंद्रकयुक्त पेशीत सापडले. त्याचे सुटे गोलाकार रेणू एकमेकांना जोडले जाऊन सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचा धागा तयार होतो, आणि प्रत्येक नव्या रेणूमागे तो साधारण २.७ नॅनोमीटरने लांबतो. धाग्याचे टोक पेशीच्या पटलाला टेकलेले असेल, तर नवा रेणू शिरायला जागा कुठून मिळणार, हा प्रश्न होता. त्याचे उत्तर पेस्किन, ओडेल आणि ऑस्टर यांनी १९९३ मध्ये दिले. पटल उष्णतेमुळे सतत थरथरत असते. ते किंचित बाहेर झुकले की त्या फटीत रेणू बसतो आणि पटलाला मागे येता येत नाही. पुढच्या थरथरीला आणखी एक रेणू. रेणू कोणाला जाणूनबुजून ढकलत नाहीत, केवळ परतीची वाट बंद करतात, आणि या यदृच्छेतून एकाच दिशेची गती निर्माण होते. जीवशास्त्रातील स्पष्टीकरणांत मला हे सर्वांत देखणे वाटते.

मात्र सुटा लांब धागा वाकतो, त्याने ढकलता येत नाही. त्यासाठी आखूड आणि फांद्या फुटलेले धागे लागतात. फांद्या फोडण्याचे काम आर्प २/३ नावाचा सात प्रथिनांचा समूह करतो. तो १९९४ मध्ये ॲकँथअमीबा या मातीतल्या अमीबातून प्रथम वेगळा केला गेला, हे या चर्चेच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. असलेल्या धाग्याच्या कुशीला हा समूह चिकटतो आणि सुमारे ७० अंशांच्या कोनात नवा धागा सुरू करतो. काही प्रथिने वाढत्या टोकावर टोपणासारखी बसून वाढ थांबवतात, त्यामुळे धागे आखूड राहतात. कोफिलीन नावाचे प्रथिन मागचे जुने धागे तोडते आणि सुटलेले रेणू पुन्हा पुढच्या कडेला वापरले जातात. पुढे विटा रचत जायचे आणि मागच्या विटा काढून त्याच पुढे आणायच्या, अशा प्रकारे सरकणारी ही भिंत असते. पेशी पुढे जात असते तेव्हा या जाळ्यातला प्रत्येक धागा जमिनीच्या तुलनेत जवळपास आपल्या जागीच असतो. पुढे सरकते ती बांधकामाची कड.

यात मायोसिनची गरज असते का? पुढची कड ढकलण्यासाठी तरी नसते. लिस्टेरिया नावाचा जीवाणू आपल्या पेशींत शिरल्यावर पेशीचेच ॲक्टिन वापरून स्वतःमागे शेपूट तयार करतो आणि त्याच्या रेट्याने पुढे सरकतो. १९९९ मध्ये ही हालचाल परीक्षानळीत, मोजक्या शुद्ध प्रथिनांच्या मिश्रणात घडवून दाखवण्यात आली, आणि त्या मिश्रणात मायोसिन नव्हते.

आणखी एक निरीक्षण सांगतो, कारण ते फार बोलके आहे. माशांच्या खवल्यांवर केरॅटोसाइट नावाच्या पेशी असतात. त्या चंद्रकोरीच्या आकाराच्या असून मिनिटाला १० ते ३० मायक्रोमीटर एवढ्या वेगाने, आकार न बदलता सरकतात. त्यांच्या पातळ पडद्याचा तुकडा सुटा झाला, तर तो तुकडाही एकाच दिशेने चालत राहतो. त्यात केंद्रक नसते, म्हणजे हालचालीचा हुकूम केंद्रकातून येतो असे म्हणायला जागाच उरत नाही. हे ऑयटेनॉयर आणि श्लिवा यांनी १९८४ मध्ये दाखवले.

निरीक्षक

तळटीप, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. भिंतीचे उदाहरण घेतले, तर मग पेशीचे बाकीचे धड पुढे कसे येते? पुढची कड सरकली, पण मागचा भाग तर तिथेच राहील.

तळटीप

बरोबर, आणि म्हणूनच केवळ छद्मपाद काढून चालणे होत नाही. पुढे आलेला भाग खालच्या पृष्ठभागाला चिकटावा लागतो. इंटेग्रिनसारखी पटलातली प्रथिने बाहेरच्या आधाराला धरतात आणि आतल्या बाजूने ॲक्टिनच्या जाळ्याशी जोडलेली असतात. पकड बसली नाही, तर ॲक्टिनच्या वाढीने पडदा पुढे जाण्याऐवजी जाळेच मागे घसरत राहते आणि पेशी जागच्या जागी राबते. पकड बसल्यावर धड ओढून आणण्याचे आणि मागची पकड सोडवण्याचे काम मुख्यतः मायोसिन करते. चिकटपणा फार कमी असला तरी चालता येत नाही आणि फार जास्त असला तरी शेपूट सुटत नाही. मधल्या कुठल्यातरी मात्रेला वेग सर्वाधिक असतो.

सप्तर्षी

चालण्याबद्दल पुरेसे झाले. आता खाण्याकडे वळतो, कारण माझा ओढा तिकडे आहे.

अमीबा भक्ष्य पाहून त्याप्रमाणे वेढा घालतो. न हलणारे शैवाल समोर असेल, तर छद्मपाद त्याला अगदी चिकटून वर चढतात. भक्ष्य चपळ असेल, उदाहरणार्थ पोहणारा रोमकधारी जीव, तर त्याला स्पर्श न करता दूरूनच सर्व बाजूंनी पेल्यासारखी भिंत उभारली जाते आणि मग तोंड मिटते. हे घडताना पाहणे हा विलक्षण अनुभव असतो. आत सापडलेला जीव प्रथम नेहमीसारखा पोहत असतो, कडेला आपटून वळतो, पुन्हा आपटतो. हळूहळू त्याच्या वळणांची जागा आखूड होत जाते. पेला मिटल्यावरही अन्नरिक्तिकेत तो काही काळ गरगरत राहतो. त्यानंतर रिक्तिकेतले द्रव्य आम्ल होते, पाचक विकरे येऊन मिळतात आणि हालचाल थांबते.

आपल्या शरीरातील भक्षीपेशींचे काम मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे, तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून पाहिले. काट्याभोवती फिरत्या पेशी गोळा झाल्या होत्या. या कामासाठी त्यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक पाउल एर्लिख यांच्यासमवेत मिळाले. ही कथा सर्वत्र सांगितली जाते, म्हणून लांबवत नाही. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते त्यानंतर खूप वर्षांनी, १९७० च्या दशकाच्या मध्याला झालेले ग्रिफिन आणि सिल्व्हरस्टाइन यांचे काम. प्रश्न असा होता, की भक्षीपेशीला कणाचा एकदा स्पर्श झाला म्हणजे ती आपोआप संपूर्ण कण गिळते, की गिळण्याच्या प्रत्येक पावलाला नव्या स्पर्शाची गरज असते? त्यांनी अशा लसीका पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) घेतल्या, ज्यांच्यावर प्रतिपिंडे सर्वत्र पसरलेली नसून एकाच बाजूला गोळा झालेली होती. भक्षीपेशी त्या बाजूला घट्ट चिकटल्या, पण त्यांनी गिळले नाही. प्रतिपिंडे सर्व पृष्ठभागावर असलेल्या पेशी मात्र गिळल्या गेल्या. म्हणजे छद्मपाद कणाच्या पृष्ठभागावरून पुढे सरकतो तो चेन लावत गेल्याप्रमाणे, ग्राहीच्या, म्हणजे विशिष्ट रेणू धरणाऱ्या पटलावरील प्रथिनाच्या, एकेका पकडीनंतर पुढची पकड घेत. पकड संपली की वाढ थांबते.

इथे चालणे आणि खाणे यांतले अंतर किती कमी आहे, ते ध्यानात येते. चालताना पेशी जमिनीला धरत पुढे जाते, खाताना भक्ष्यालाच जमीन समजून त्याच्यावरून चालते. फरक एवढाच, की ही जमीन वाकून स्वतःला येऊन मिळते.

शंकासूर

सप्तर्षी, हे विधान आकर्षक आहे, पण ते तपासता येते का? जमीन सपाट असेल तर पेशी चालेल आणि वाकडी असेल तर खाईल, असे कोणी प्रत्यक्ष पाहिले आहे का?

सप्तर्षी

पाहिले आहे. चँपियन आणि मित्रगोत्री यांनी २००६ मध्ये भक्षीपेशींना निरनिराळ्या आकारांचे प्लास्टिकचे कण दिले. लंबगोल कणाचे निमुळते टोक पेशीला लागले, तर काही मिनिटांत पेला तयार होऊन कण आत गेला. त्याच कणाची चपटी बाजू लागली, तेव्हा पेशी कणावर नुसती पसरत राहिली. गिळण्यासाठी लागणारी ॲक्टिनची रचना तिथे झालीच नाही. कण तोच, रसायन तेच, पेशी त्याच जातीची. केवळ पहिला स्पर्श कुठल्या बाजूने झाला, त्यावर खाणे की पसरणे हे ठरले.

निरीक्षक

म्हणजे माझा तिसरा प्रश्न अधिकच टोकदार झाला. यंत्रणा एवढी सारखी असेल, तर दोन्ही कामे एकाच वेळी करताना तिची ओढाताण होत असणार.

पेशीवेल्हाळ

होते, आणि याचा चांगला पुरावा डिक्टिओस्टेलियम या मातीत राहणाऱ्या अमीबात मिळाला आहे.

हा अमीबा जीवाणूंना गिळतो, आणि त्याबरोबरच द्रवाचे मोठे घोटही घेतो. घोट घेताना पृष्ठभागावर पडद्याची गोल झालर उभी राहते, पेला बनतो, त्याचे तोंड मिटते आणि आतला द्रव त्यातील विरघळलेल्या अन्नासकट पोटात जातो. त्या पेल्याच्या तळाशी पटलात पीआयपी-३ नावाच्या विशिष्ट मेदरेणूचा ठिपका तयार होतो आणि पेल्याची कड त्या ठिपक्याच्या परिघावर उभारली जाते. हाच मेदरेणू पेशीच्या पुढच्या टोकाशी दिसतो म्हणून तो दिशा दाखवणारा असावा, असे अनेक वर्षे मानले जात होते. २०१४ मध्ये व्हेल्टमन, इन्सॉल आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की हे ठिपके प्रत्यक्षात पेल्यांचे आहेत, आणि पेले जितके अधिक, तितका रासायनिक संदेशाच्या दिशेने जाण्याचा प्रवास वाईट. म्हणजे पिण्यात गुंतलेली पेशी संदेशाच्या दिशेने नीट चालू शकत नाही. ॲक्टिनचा साठा आणि ते हलवणारी प्रथिने मर्यादित असतात. पेल्याला मिळाली ती छद्मपादाला मिळत नाहीत.

सस्तन प्राण्यांतही याला समांतर उदाहरण आहे. आपल्या ऊतींमध्ये गस्त घालणाऱ्या अपक्व डेंड्रायटिक पेशी भोवतालच्या द्रवाचे घोट घेऊन त्यात परकी प्रथिने आहेत का, ते तपासत असतात. त्या थोडा वेळ वेगाने चालतात, मग मंदावतात आणि पितात, मग पुन्हा चालतात. मायोसिन पेशीच्या पुढे गोळा झाले की पिणे सुरू राहते आणि मागे गेले की चालणे. धोक्याची सूचना मिळून पेशी पक्व झाली, की पिणे बंद होते आणि ती लसीका ग्रंथीकडे जवळजवळ न थांबता जाते.

यातच आणखी एक हिशेब आहे, तो पटलाचा. प्रत्येक पेल्याबरोबर पटलाचा तुकडा आत जातो. भक्षीपेशी नुसते द्रवाचे घोट घेत असताना साधारण अर्ध्या तासात आपल्या संपूर्ण पृष्ठभागाएवढे पटल आत घेतात. तरीही त्या आक्रसत नाहीत, कारण आत गेलेले पटल सुट्या पिशव्यांच्या रूपाने पुन्हा बाहेर येऊन जोडले जाते.

रानवाटा

चर्चा ॲक्टिनभोवतीच फिरत आहे, म्हणून थोडी वेगळी वाट दाखवतो. सर्व छद्मपाद ॲक्टिनच्या बळावर उभे राहत नाहीत.

ॲक्टिनोफ्रिस हा गोड्या पाण्यातला जीव सूर्याच्या चित्रासारखा दिसतो. गोल शरीरातून सर्व बाजूंना ताठ, सरळ, बारीक किरण निघालेले असतात. त्या प्रत्येक किरणाच्या मध्याला सूक्ष्मनलिकांचा, म्हणजे प्रथिनांच्या पोकळ नळ्यांचा, जुडगा असतो. त्याच्या जवळच्या नात्यातल्या एका जीवात आडवा छेद घेतला, तर त्या नलिका दुहेरी मळसूत्री नक्षीत अत्यंत काटेकोरपणे मांडलेल्या दिसतात. पाणी खूप थंड केले, की या नलिका सुट्या होतात आणि किरण आत ओढले जातात. पाणी पुन्हा उबदार झाले की ते नव्याने उभे राहतात. म्हणजे ताठपणा असूनही तेही तात्पुरतेच आहेत. भक्ष्य किरणाला लागले की चिकटते, तो किरण आखडतो आणि भक्ष्य शरीरापर्यंत आणले जाते. भक्ष्य फार मोठे असेल, तर अनेक ॲक्टिनोफ्रिस एकमेकांत विलीन होऊन ते मिळून गिळतात आणि पचन झाल्यावर पुन्हा वेगळे होतात.

समुद्रातील फोरॅमिनिफेरा तर याहून पुढे गेले आहेत. कवचाच्या छिद्रांतून ते अतिसूक्ष्म तंतूंचे जाळे बाहेर पसरतात, आणि ते तंतू एकमेकांना मिळतात, फाटतात, पुन्हा जुळतात. जाळ्याचा विस्तार कवचाच्या व्यासाच्या अनेक पट होऊ शकतो. कुठल्याही एका तंतूकडे नीट पाहिले, तर त्यातले कण एकाच वेळी दोन्ही दिशांना धावताना दिसतात. काही बाहेर, काही आत, आणि मधूनच एखादा कण थांबून उलटा वळतो. त्यांच्या सूक्ष्मनलिका विलक्षण वेगाने लांबतात आणि आखडतात, कारण त्यांचे घटक पेचदार तंतूंच्या रूपात आधीच तयार ठेवलेले असतात. याच जाळ्यात शैवाल, जीवाणू, कधीकधी लहान कृमीसुद्धा सापडतात.

एकाच शब्दाखाली किती निरनिराळ्या गोष्टी येतात, त्यावर स्वतंत्र धागा निघेल. इथे थांबतो.

शंकासूर

दिशेचा प्रश्न अजून कोणी घेतला नाही. डेव्हिड रॉजर्स यांनी १९५० च्या दशकात घेतलेले चलच्चित्र पुष्कळांनी पाहिले असेल. त्यात न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी लाल रक्तपेशींच्या गर्दीतून वाट काढत एका जीवाणूच्या मागे लागते, तो वळला की वळते आणि शेवटी त्याला गाठते. तिला डोळे नाहीत. तिचा व्यास जेमतेम १२ ते १५ मायक्रोमीटर असतो. एवढ्याशा अंतरात वास कुठून येतो, हे ती ओळखते कशी?

पेशीवेल्हाळ

जीवाणूंच्या प्रथिनांची सुरुवात फॉर्मिल गट जोडलेल्या मेथिओनिनने होते, आणि अशा प्रथिनांचे आखूड तुकडे त्यांच्याभोवती पसरत असतात. न्यूट्रोफिलच्या पटलावर या तुकड्यांसाठी खास ग्राही आहेत. पेशीच्या एका बाजूच्या ग्राहींवर दुसऱ्या बाजूपेक्षा किंचित अधिक रेणू बसतात आणि पेशीच्या आतील संदेशयंत्रणा त्या किंचित फरकाचे ठळक फरकात रूपांतर करते.

पण छद्मपाद त्या बाजूलाच का निघतो, याहून मला तो इतर ठिकाणी का निघत नाही, हा प्रश्न अधिक रोचक वाटतो. २०१२ मध्ये हौक, वायनर आणि सहकाऱ्यांनी न्यूट्रोफिलवर असा प्रयोग केला, की पुढचा छद्मपाद आणि मागचे धड यांच्यामध्ये केवळ पातळ दोरीएवढा दुवा उरला. पुढचा भाग ओढत असेपर्यंत धडातून दुसरा छद्मपाद निघत नव्हता. लेसरने तो दुवा तोडला आणि धड मोकळे झाल्यावर त्याने स्वतःचा नवा छद्मपाद काढला. रासायनिक प्रतिबंधक एवढ्या बारीक दुव्यातून पुरेशा वेगाने जाणे शक्य नव्हते, तेव्हा पुढचा छद्मपाद पटल ताणतो आणि तो ताणच बाकीच्या भागाला गप्प ठेवतो, असा निष्कर्ष काढण्यात आला.

डिक्टिओस्टेलियमची पद्धत आणखी निराळी आहे. संदेश दुर्बळ असेल, तर तो विचारपूर्वक योग्य जागी छद्मपाद काढत बसत नाही. असलेल्या छद्मपादाला फाटा फुटतो, कधी डावीकडे, कधी उजवीकडे, आणि दोन्हींपैकी जो संदेशाच्या अधिक जवळ असेल तो राखला जातो, दुसरा आत घेतला जातो. अँड्र्यू आणि इन्सॉल यांनी २००७ मध्ये हे मांडले. दिशा ठरते ती निर्मितीत नव्हे, निवडीत.

रिकामा_कागद

मी वाचनमात्र आहे, पण विचारतो. ही यंत्रणा बिघडली तर माणसाला काय होते?

तळटीप

विस्कॉट-ऑल्ड्रिच हा आनुवंशिक विकार त्याचे नेमके उदाहरण आहे. आर्प २/३ ला कामाला लावणारे वास्प नावाचे प्रथिन रक्तपेशींमध्ये असते आणि या विकारात त्याच्या जनुकात दोष असतो. ते जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे विकार जवळजवळ नेहमी मुलग्यांमध्ये दिसतो. वारंवार होणारे जंतुसंसर्ग, इसब आणि संख्येने कमी व आकाराने लहान अशा बिंबाणूंमुळे होणारा रक्तस्राव, ही त्याची लक्षणे. पांढऱ्या पेशींना संसर्गाच्या जागी पोहोचणे आणि पोहोचल्यावर गिळणे, या दोन्हींत अडचण येते. ज्याला दोन वेगळी कामे म्हणतो ती एका जनुकामुळे एकदम अडखळावीत, हे निरीक्षक यांच्या प्रश्नाला धरूनच आहे.

दुसऱ्या टोकाला आमांशाचा अमीबा आहे. एंटअमीबा हिस्टोलिटिका आतड्याच्या भिंतीत शिरताना जिवंत पेशींचे लचके तोडतो. तो पेशी संपूर्ण गिळत नाही, घासाघासाने कुरतडतो आणि त्यातच ती पेशी मरते, हे २०१४ मध्ये स्पष्ट झाले. मेलेली पेशी समोर ठेवली, तर तो ती सबंध गिळतो. पेला तोच, मात्र तोंड किती उघडायचे ते भक्ष्याच्या अवस्थेवर.

शंकासूर

शेवटची शंका. निरीक्षक यांचा दुसरा प्रश्न, छद्मपाद परत कसा घेतला जातो, हा मायोसिनच्या उल्लेखात उरकला गेला. मायोसिन नसलेल्या पेशीला छद्मपाद आवरता येतो का?

तळटीप

येतो. गोलकृमींच्या शुक्रपेशींना शेपूट नसते. त्या छद्मपाद काढून सरपटत जातात. त्यांच्या छद्मपादात ना ॲक्टिनचे जाळे, ना सूक्ष्मनलिका, ना काम करणारे मायोसिन. तिथे एमएसपी नावाच्या वेगळ्याच प्रथिनाचे धागे असतात. ते पुढच्या कडेला जुळतात आणि धडाजवळ सुटे होतात. आतड्यातल्या ॲस्कॅरिस या जंताच्या शुक्रपेशींवर झालेल्या प्रयोगांत या दोन क्रिया वेगळ्या करता आल्या : धागे जुळताना पुढची कड बाहेर ढकलली जाते आणि धागे सुटताना जाळे आकसून मागचे धड पुढे ओढले जाते. ढकलण्यासाठी मायोसिनसारखे मोटर प्रथिन नाही आणि ओढण्यासाठीही नाही. ॲक्टिनवर चालणाऱ्या पेशींत मायोसिन काढून टाकले तरी काहींची हालचाल मंद होते, पण पूर्ण थांबत नाही. डिक्टिओस्टेलियममध्ये मायोसिन-२ हा प्रकार नसलेल्या पेशीही रांगत राहतात. तेव्हा परत घेण्याचे काही बल केवळ जाळे मोडण्यातूनच मिळत असावे, असे मानायला जागा आहे.

निरीक्षक

ॲस्कॅरिसचे हे उदाहरण मला ठाऊक नव्हते. त्यावर तपशीलवार लिहिणार असाल, तर चर्चेचा हा धागा वर ठेवतो.